केक आपला, पोट काळूचं

रात्री बाराला पाच मिनिटं कमी असतात. शेलारमध्ये भिवंडी-वाडा रोडच्या कडेला चार-पाच बाईक लागतात. एका सीटवर केकचा डबा उघडतो, मोबाइलच्या टॉर्च पेटतात, अर्धा केक ‘बर्थडे बॉय’च्या तोंडाला फासला जातो आणि उरलेला खाली पडतो. तो साफ करायला झाडूवाला लागत नाही. नाक्यावरची कुत्री असतात ना!

गेल्या हिवाळ्यात आमच्या ग्रुपनेही हेच केलं. केक चॉकलेट ट्रफल होता. काळू नावाचा दांडगा कुत्रा आणि त्याच्या मागेमागे फिरणारं एक पिल्लू, दोघांनी डब्याचा पुठ्ठासुद्धा चाटून ठेवला. आम्ही त्याची रील काढली, वर हार्टही टाकली. सकाळी काळू टपरीखाली मलूल पडला होता, दोनदा उलटी करून. पिल्लू मात्र थरथरत होतं, पाय ताणून. ओळखीच्या एका पशुवैद्यांना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पिल्लाचं वजन किती? आणि केक कसला होता? दुपारपर्यंत पिल्लू गेलं. ते केकमुळेच गेलं का, हे तपासणीशिवाय कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ते दोन प्रश्न काही डोक्यातून जाईनात.

कारण सगळा हिशेब त्यातच आहे. कोकोमध्ये थिओब्रोमीन नावाचं द्रव्य असतं. आपलं शरीर ते काही तासांत निकाली काढतं. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्यातलं निम्मं बाहेर पडायलाच साधारण १७ तास लागतात. तोवर ते हृदयाला आणि मेंदूला डिवचत राहतं. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमच्या आसपास पोटात गेलं की उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो. ४० ते ५० च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. आता १ ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये हे द्रव्य साधारण २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ आणि कोको पावडरमध्ये २० किंवा त्याहून जास्त. म्हणजे पाच किलोच्या पिल्लाला त्रास व्हायला पाच ग्रॅम कोको पावडर पुरते. पोह्यांचे दोन चमचे! तेवढ्याच कोकोने पंधरा किलोच्या काळूचं फार काही बिघडणार नाही. त्यामुळेच ‘आमच्या गल्लीतला तर रोज खातो, त्याला काय होतंय’ हे वाक्य खरंही असतं आणि घातकही.

मग टपरीवरच्या बिस्किटाचं काय? शेलारमध्ये लूमची पाळी सुटली की चहाबरोबर बिस्किटाचा पुडा फुटतो आणि शेवटची दोन बिस्किटं कुत्र्याला जातात. हे प्रेमच आहे, त्यावर नाक मुरडायची माझी इच्छा नाही. साधं ग्लुकोज बिस्किट विष नव्हे. लांडग्याला पिठूळ अन्न नीट पचत नाही, कुत्र्याला बऱ्यापैकी पचतं. माणसाच्या सोबतीने राहताना त्याच्या जनुकांतच तो बदल झाला, असं २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने दाखवलं. शिवाय कुत्र्याला गोड चव कळते. मांजरीला ती कळतच नाही, म्हणून ती क्रीम रोलकडे ढुंकून बघते ती फक्त क्रीमसाठी.

पण शंभर ग्रॅम बिस्किटांत साडेचारशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे मध्यम कुत्र्याच्या दिवसभराच्या गरजेच्या निम्म्या. पोट भरतं, प्रथिनं मात्र नावापुरतीच. खारी आणि क्रीम रोल त्याहून वाईट, कारण त्यात वनस्पती तूप. एकदम जास्त चरबी पोटात गेली की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते.

‘गोड खाल्लं की कुत्र्याला खरूज होते, केस झडतात,’ हे मात्र निदान आमच्या घरी तरी प्रत्येकाने ऐकलंय. ते खरं नाही. खरूज सूक्ष्म किड्यांमुळे होते, तिच्यावर औषध आहे. बिस्किट बंद करून ती बरी होत नाही. उलट या समजुतीमुळे उपचार राहून जातात.

खरी काळजी बेकरीच्या काचेमागच्या दोन-तीन गोष्टींची. डिसेंबरमधला प्लम केक, त्यात मनुके, बेदाणे. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात आणि किती खाल्ले म्हणजे धोका, याचा भरवशाचा आकडा नाही. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, दुसरा थोड्यातच आजारी पडतो. (आपल्या साध्या केकमधले लाल-हिरवे तुकडे मनुके नसतात हं. ती टूटी-फ्रूटी, कच्च्या पपईची. नुसती साखर.) दिवाळीत बेकरीत भाजून आणलेल्या नानकटाईत जायफळ असतं. एखादीने काही होत नाही, पण डबाभर उपडा करू नका. आणि सगळ्यात बेरकी म्हणजे ‘शुगर फ्री’. त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने घसरते, जास्त गेलं तर यकृत निकामी होतं. दर किलो वजनामागे ग्रॅमचा दहावा भागही पुरतो. लेबलवर नाव नसलं तर ९६७ हा आकडा शोधा, तोच तो.

खाल्लंच असेल तर? घरात पहिला सल्ला येतो, मिठाचं पाणी पाजून उलटी काढ. अजिबात नको, मिठानेच विषबाधा होते. दुधानेही काही उतरत नाही. काय खाल्लं, किती, कधी हे लिहून घ्या, पाकिटाचा फोटो काढा आणि लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. सुरुवातीच्या एक-दोन तासांत ते औषधाने उलटी काढू शकतात. चॉकलेटवर उतारा असा नाही, लक्षणांवरच उपचार करावे लागतात. आमच्याकडे रात्री बाराला दवाखाना उघडा मिळणं मुश्कील आणि परळचं प्राण्यांचं मोठं रुग्णालय गाठायचं तर ठाण्याचा ट्रॅफिक आडवा. पिल्लाच्या बाबतीत तर आम्हाला कळलंच सकाळी.

खायला घालायचंच असेल तर जागाही बघायला हवी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत मुलांच्या खेळायच्या जागा, जिने आणि दारं सोडून खाऊ घालण्याची ठिकाणं ठरवायला सांगितलंय. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानेही कुठेही रस्त्यावर नको, नेमलेल्या जागीच घाला, असं म्हटलं. वाडा रोडवर रात्रभर ट्रेलर धावतात. तिथे केक टाकणं म्हणजे कुत्र्याला चाकाखाली बोलावणं, मग केक व्हॅनिला का असेना.

नामदेवांच्या गोष्टीतला कुत्रा पोळी पळवतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावतात. पशुवैद्य म्हणतील, पोळी बरोबर, तूप बेताने. कोरडी पोळी, भाकरी, मीठ-कांदा न घातलेला भात, उकडलेलं अंडं आणि उन्हाळ्यात पाण्याचं एक भांडं. खर्च केकपेक्षा कमीच.

मागच्या आठवड्यात पुन्हा एक वाढदिवस झाला. केक चॉकलेटचाच, त्यावर मतभेद नव्हते. पण या वेळी डबा बंद करून घरी गेला आणि मी डब्यातून आणलेली पोळी काळूपुढे ठेवली. त्याने ती हुंगली, केक गेला त्या बाईककडे बराच वेळ बघितलं, आणि मग खाल्ली.