लघवीला फेस येतोय?
मूत्रपिंडाचा आजार बहुधा दुखत नाही, म्हणूनच फसवतो. सकाळी डोळ्यांखाली सूज, ड्युटीवरून आल्यावर मोज्याचा खोल वळ घोट्यावर, लघवीत न विरणारा फेस, रात्री वारंवार उठणं, अन्नावरची वासना उडणं, अंगाला खाज. ही लक्षणं बरीच उशिरा दिसतात. तारापूर एमआयडीसीत बॉयलरजवळ घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्यांनी आणि बोईसर-पालघरहून लोकलने रोज ये-जा करत अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावं. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. ‘किडनी साफ’ करणारे काढे? नकोच. डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत, संलग्न रुग्णालयांत, मोफत मिळतं.