हातांनीं वाचावयाचा नकाशा

शहराचा नकाशा भिंतीवर टांगला म्हणजे तो जाणत्यांचा होतो. इतरांना त्यांतील रेषा व रंग दिसतात, पण अर्थ लागत नाहीं. रस्ता रुंद करावयाचा, नवी वसाहत उभारावयाची, हे निर्णय मात्र सर्वांच्याच दाराशीं येतात. हें अंतर कमी करणाऱ्या एका युक्तीचा आज श्रोत्यांना परिचय करून द्यावयाचा आहे.

१९९९ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जॉन अंडरकॉफलर व हिरोशी इशी या संशोधकांनीं ‘अर्प’ नांवाचें एक टेबल जगापुढें मांडलें. त्यावर इमारतींच्या लहान प्रतिकृति ठेवावयाच्या. वरचा कॅमेरा त्यांच्या जागा टिपतो, संगणक हिशेब करतो आणि त्याचें उत्तर टेबलावरच प्रकाशानें रेखाटलें जातें. घड्याळाचा कांटा फिरवावा, तों सकाळची सावली सरकत संध्याकाळची होते. इमारत हलवावी, तों वाऱ्याचा प्रवाहहि बदलतो. आपल्या उंच इमारतीनें शेजाऱ्याचें ऊन हिरावलें जाईल कीं नाहीं, हें पाया खणण्यापूर्वींच डोळ्यांना दिसतें.

या युक्तीची खरी कसोटी जर्मनींतील हांबुर्ग शहरीं २०१६ सालीं लागली. युद्धानें देशोधडीस लागलेले हजारों निर्वासित शहरांत आले होते. त्यांना निवारा हवा होता. पण तो आपल्या शेजारीं कितीजणांना हवा असतो? तेथील हाफेनसिटी विद्यापीठानें वरील अमेरिकन संस्थेच्या साहाय्यानें नागरिकांनाच टेबलाभोंवतीं बोलाविलें. टेबलावर त्यांच्या भागाचा नकाशा, आणि हातांत मुलांच्या खेळांतल्या लेगोच्या विटा! वीट म्हणजे अमुक इतक्या माणसांची सोय. ती एखाद्या भूखंडावर ठेवली कीं एकंदर किती जणांना आसरा मिळाला, याचा आंकडा समोर उमटे. ‘येथें नको’ म्हणणाऱ्यापुढें ‘मग कोठें?’ हा प्रश्न त्याच क्षणीं उभा राही.

सुमारें ४०० नागरिकांनीं सुमारें १६० जागा सुचविल्या. त्यांपैकीं ४४ अधिकाऱ्यांच्या कायदेशीर तपासणींत टिकल्या आणि अखेर १० जागाच सर्व दृष्टींनीं योग्य ठरल्या. हा आंकडा कोणास लहान वाटेल. परंतु निर्णय टेबल घेत नाहीं, माणसें घेतात, हेंच त्यावरून ध्यानांत यावें. शिवाय जी माहिती संगणकांत घातलीच नाहीं, तिची सावली टेबलावर पडत नाहीं. ज्याचें झोंपडें नकाशांत नोंदलेलें नाहीं, त्याच्यासाठीं वीट कोण उचलणार? म्हणून नकाशा हाताळावयास मिळाला तरी तो कोणी भरला व त्यांतून काय गाळलें, हें विचारण्याचा हक्क नागरिकानें सोडूं नये.