पांडा हातात असला की लोक थांबतात

डोळ्यांसमोर आणा: बीजिंगची मेट्रो, गर्दी, आणि भिंतीवर आतून दिवे लावलेला जाहिरातीचा बोर्ड. त्यात एक माणूस आणि खेळण्यातला छोटा पांडा. दोघं गप्पा मारतायत, कॉमिक्ससारखे फुगे काढलेत. वाटतं, असेल कुठलीतरी जनहितार्थ जाहिरात. वाचायला गेलं तर विषय नोकरी गेल्याचा!

हा माणूस म्हणजे झाओ बांडी. जन्म १९६६ चा, बीजिंगचाच. शिकला तैलचित्रं, पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याने पांडा उचलला. तेव्हा चीनमध्ये सरकारी कारखान्यांमधून लाखो कामगार घरी बसत होते. बेकारी, सिगारेट, बनावट माल असे विषय त्याने पांडासोबतच्या फोटोंमध्ये आणले.

पण जाहिरातच का? मी अ‍ॅपच्या स्क्रीन बनवतो, त्यामुळे हे मला जरा आतून कळतं. आमच्याकडे एकदा सबस्क्रिप्शन रद्द करायच्या पानावर रडवेलं कार्टून टाकलं. बटण तेच, मजकूर तोच, तरी लोक रद्द करताना थबकायला लागले. ते पान मीच कोड केलं होतं. अभिमान वगैरे अजिबात नाही. झाओची युक्ती तीच, फक्त उलट दिशेने. गोंडस चेहरा बघून तुम्ही सावधपणा सोडता, आणि तो नको असलेला विषय तुमच्या हातात ठेवतो. त्यात पांडा म्हणजे चीनचा लाडका राष्ट्रीय प्राणी, त्याला नाही कोण म्हणणार?

म्हणजे, म्हणणारे निघाले. २००७ मध्ये बीजिंगच्या फॅशन वीकमध्ये त्याने पांडाच्या काळ्या-पांढऱ्या रंगांतले कपडे दाखवले. रॅम्पवर भ्रष्ट अधिकारी होता, भिकारी होता, वेश्याही होती. पांडाचं घर म्हणजे सिचुआन प्रांत. तिथले लोक चिडले, आमच्या पांडाचा अपमान केला म्हणून.

आणि मग २००८. हॉलिवूडचा ‘कुंग फू पांडा’ आला, सिचुआनमध्ये नुकताच मोठा भूकंप झाला होता, आणि ह्याच झाओने सिनेमावर बहिष्कार टाका म्हणून हाक दिली. हॉलिवूड आमच्या पांडावर पैसे कमावतंय, हा त्याचा राग. इथे मात्र मी अडकतो. कारण तोवर झाओची सगळीकडे ओळखच ‘पांडावाला’ अशी झाली होती. टिंगल करायला घेतलेला पांडा आता त्याचा स्वतःचा ब्रँड होता, आणि ब्रँडवाले जसे भांडतात, तसाच तो भांडत होता.