न्यायासनाचेही अतिचार

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत : दुसऱ्यास चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम मोडणे, मापात कमी-जास्त करणे आणि चांगल्या मालात हलका माल मिसळणे. 'चोरी करू नये' एवढे सांगून आचार्य थांबले नाहीत. चोरीचा विचारही मनात न आणणारा मनुष्य मापाच्या बाबतीत मात्र स्वतःला सहज सूट देतो, हे त्यांनी जाणले होते. व्रत कोठे निसटते, ते नेमके दाखवावे लागते. अमेरिकेतील राज्ये आपल्या न्यायाधीशांची आचारसंहिता पुनःपुन्हा का सुधारत आली, हे समजून घेण्यास हा विचार उपयोगी पडतो.

तेथील वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने अशा संहितेचा पहिला नमुना १९२४ मध्ये तयार केला. त्याला निमित्त झाले न्यायाधीश लँडिस यांचे. न्यायासनावर असतानाच त्यांनी व्यावसायिक बेसबॉलचे आयुक्तपद सवेतन स्वीकारले होते. पुढे १९७२, १९९० आणि २००७ मध्ये नवे नमुने आले. नमुना बंधनकारक नसतो. प्रत्येक राज्य त्यात फेरफार करून तो स्वीकारते. अनेक राज्यांत न्यायाधीश निवडणुकीने येतात. निवडणूक आली की देणगी आली, आणि खरा पेच तेथेच पडतो.

वेस्ट व्हर्जिनियातील ह्यू केपर्टन यांचा कोळशाचा व्यवसाय मॅसी या बलाढ्य कंपनीच्या फसवणुकीमुळे बुडाला, असा निर्णय तेथील ज्यूरीने २००२ मध्ये दिला आणि ५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे उघड होते. २००४ मध्ये त्या न्यायालयाच्या एका जागेची निवडणूक झाली. मॅसीच्या प्रमुखांनी एका उमेदवाराच्या बाजूने सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले. कायद्याने उमेदवाराला थेट देता येत होते केवळ १००० डॉलर. उरलेला जवळजवळ सर्व पैसा स्वतंत्र प्रचारावर गेला. उमेदवार निवडून आला. खटल्यातून दूर राहण्याची केपर्टन यांची विनंती त्याने फेटाळली आणि २००७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी भरपाई रद्द झाली. त्या तिघांत तो एक होता.

८ जून २००९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, त्या न्यायाधीशाने दूर राहणे आवश्यक होते. त्याने प्रत्यक्षात पक्षपात केला, असे न्यायालयाने म्हटले नाही. पक्षपाताचा धोका गंभीर होता, एवढेच पुरेसे मानले. पुढे त्या न्यायाधीशाविना फेरसुनावणी झाली, तरी केपर्टन पुन्हा हरले. मग साधले काय? निकाल तोच राहिला. मात्र पहिल्या निकालावरील संशय दुसऱ्यावर उरला नाही.

राज्यांनी यातून वेगवेगळे धडे घेतले. २००७ च्या नमुन्यात, अमुक रकमेहून अधिक देणगी मिळाल्यास न्यायाधीशाने खटल्यातून दूर व्हावे, असा नियम आहे. पण रकमेची जागा कोरी सोडली आहे. ती राज्याने भरायची. कॅलिफोर्नियाने कायदा करून १५०० डॉलर ही मर्यादा घातली. मिशिगनमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एखाद्या न्यायाधीशाने दूर होण्यास नकार दिल्यास तो प्रश्न संपूर्ण न्यायालयापुढे नेण्याची सोय झाली. विस्कॉन्सिनने मात्र उलट दिशा धरली. कायदेशीर देणगी हे एकटेच दूर होण्याचे कारण ठरत नाही, अशी दुरुस्ती तेथे २००९ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी संमत झाली. तिचा मजकूर राज्यातील व्यावसायिकांच्या संघटनांनी सुचवला होता. ही भूमिका बदलावी म्हणून ५४ निवृत्त न्यायाधीशांनी केलेला अर्ज २०१७ मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला.

विस्कॉन्सिनच्या बाजूनेही युक्तिवाद आहे. देणगी देणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि प्रत्येक देणगीदाराच्या खटल्यातून न्यायाधीश दूर होऊ लागला, तर मतदारांनी त्याला निवडून काय साधले, असे ते विचारतात. पण व्यापाऱ्याने येथे केपर्टन यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. आज आपली देणगी मोठी असेल. उद्या प्रतिपक्षाची त्याहून मोठी असू शकते. शिवाय आपल्या वहीचे लेखापरीक्षण कोणी स्वतःच करून त्यावर सही करत नाही. आपण निःपक्ष आहोत की नाही, याचा निवाडा न्यायाधीशाने एकट्यानेच का करावा?

भारतात न्यायाधीश निवडणुकीने येत नाहीत, म्हणून देणगीचा प्रश्न येथे उद्भवत नाही. समभागांचा आणि नातेसंबंधांचा प्रश्न मात्र येतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी स्वीकारलेल्या सोळा कलमांत त्याची दखल आहे. ज्या कंपनीचे समभाग न्यायाधीशाकडे आहेत, तिचा खटला त्याने चालवू नये. चालवायचा तर आपला हितसंबंध आधी उघड करावा आणि कोणाचीही हरकत नसावी. शेअर बाजारात सट्टा करण्यासही त्यात मनाई आहे.

व्रत एकदाच घेतले जाते, पण प्रतिक्रमण रोज करावे लागते. कारण चुकण्याच्या वाटा रोज नव्या निघतात. न्यायाधीशांच्या संहितेची वेळोवेळी होणारी दुरुस्ती हे न्यायसंस्थेचे प्रतिक्रमणच होय. ते ज्या राज्यात टाळले जाते, तेथे न्यायाधीश प्रामाणिक असला तरी हरलेला पक्षकार शंका घेऊनच घरी परततो.