उसातलं भूत कुणी उभं केलं?

आडसाली ऊस डोक्याच्या वर गेला, की रात्री त्या फडात एकट्यानं शिरायला भलाभला गडी कचरतो. कृष्णा-वारणेच्या काठावर बहुतेक गावांत एखादा फड, एखादी जुनी विहीर किंवा पाणंद अशी असतेच, जिच्याबद्दल "तिकडं रातच्याला जाऊ नये" असं पोरासोरांना सांगितलं जातं. याच भीतीवर निघालेल्या एका मराठी चित्रपटाबद्दल आज लिहितो आहे. शेतीच्या पानावर सिनेमा कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण हा सिनेमा आपल्या पिकात घडतो आणि आपल्याच घरातलं बोलतो, म्हणून.

चित्रपटाचं नाव 'लपाछपी', दिग्दर्शक विशाल फुरिया. जुलै 2017 मध्ये तो चित्रपटगृहांत लागला. थोड्या पैशात केलेलं काम. मोजके नट, एक घर आणि चोहोबाजूंनी ऊस. देण्यापायी जिवावर बेतलेलं शहरातलं एक जोडपं ड्रायव्हरच्या गावी, उसातल्या घरात लपायला येतं. बायको नेहा (पूजा सावंत) गरोदर, दिवस भरत आलेले. घरात ड्रायव्हरची बायको तुळसाबाई (उषा नाईक). थोड्याच दिवसांत नेहाला उसात खेळणारी पोरं दिसू लागतात, आणि तुळसाबाई तिला घराला लागलेल्या पिडेची गोष्ट सांगते.

शेवट सांगतो, रागावू नका. भूत खरं असो-नसो, त्यामागं माणसंच निघतात. मुलगाच हवा या हट्टापायी पोटच्या मुली मारलेल्या असतात. पुढं याच दिग्दर्शकानं तो 'छोरी' नावानं हिंदीत केला. 2021 मध्ये तो आला, त्यातही ऊस आहेच.

फडात भ्या का वाटतं?

ऊसच का निवडला असेल, हे आपल्याला कुणी सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. दहा-बारा फूट वाढला, की आत चार पावलांपलीकडचं दिसत नाही. सगळ्या सऱ्या सारख्याच, त्यामुळं दिशा चुकते. जरा वारा सुटला, की वाळलेलं पाचट असं वाजतं, की कुणी तरी मागून चालत येतंय असं वाटावं. त्यात वीज रात्रीची असली, की दारं धरायला एकट्यालाच जावं लागतं. जुन्या वाड्यातलं गव्हाणी घुबड किंचाळलं, की बाई ओरडली असं वाटतं. ते घुबड तर उंदीर खाऊन आपलंच काम करतं. त्याला हाकलू नका.

खरी भीती वेगळी आहे. कराड, पाटण, शिराळा या भागांत बिबट्या उसात राहतो, तिथंच पिलं घालतो. घोणस पाचटाखाली असते. तेव्हा रात्री जाताना सोबत दुसरा माणूस घ्या. बॅटरी, काठी आणि पायात गमबूट असू द्या. तोडीच्या वेळी बछडी दिसली, तर हात न लावता वनखात्याला कळवा. एवढी काळजी घेतली, की उसातली निम्मी भुतं कमी होतात.

उरलेली निम्मी

उरलेल्या निम्म्यांचं औषध बॅटरीत नाही. काही वर्षांपूर्वी वाळवा तालुक्यातल्या एका गावात मातीचे नमुने घेत होतो. बरोबरचे म्हातारे आबा एका कोपऱ्याशी थांबले. म्हणाले, "सायेब, त्या हिरीकडं नगा जाऊ. तिथं बाई हाय."

"कुठली बाई, आबा?"

"थोरल्या घरातली सून. हिरीत पडली. लागोपाठ पोरीच झाल्या व्हत्या तिला."

"पडली, का..."

आबा काही बोलले नाहीत. नुसते पुढं चालू लागले.

त्या गावात त्या बाईचं भूत सगळ्यांना ठाऊक होतं. ती मेली कशी, हे मात्र कुणी विचारलेलं नव्हतं. भुताची गोष्ट कधी कधी अशी कामाला येते. लोक त्या जागेपासून लांब राहतात आणि प्रश्नही लांब राहतो.

'लपाछपी' लागला त्याच्या चारच महिने आधी, मार्च 2017 मध्ये, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण पोलिसांना सापडले. एका गर्भवती महिलेच्या मृत्यूच्या तपासातून हे उघड झालं. सिनेमा त्याआधीच तयार होता. कुणी कुणाची नक्कल केली नव्हती.

आकडेही बघा. 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागं मुली सांगली जिल्ह्यात 851 आणि साताऱ्यात 878 होत्या. राज्याचा आकडा 913. 2011 ला आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तो थोडा वर आला, पण 900 च्या आतच राहिला, आणि राज्याचा उलट 894 वर घसरला. त्याच 2011 साली साताऱ्यात जिल्हा परिषदेनं 'नकोशी' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावं दिली. पोरीला हाक मारतानाच "तू नको" म्हणायचं, याहून भीतीदायक सिनेमात तरी काय दाखवणार?

गावानं काय करायचं?

सरपंच, पोलीस पाटील, आशा आणि अंगणवाडी ताई यांनी दोन कायदे ध्यानात ठेवावेत. पहिला गर्भलिंग निदानाचा, 1994 चा. लिंग सांगणारा डॉक्टर तर गुन्हेगार आहेच, पण बाईला तपासणीसाठी नेणारा नवरा किंवा नातेवाईकही सुटत नाही. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडं करता येते.

दुसरा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला आणि त्यांच्या खुनानंतर तो झाला. भूत काढतो म्हणून मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहेच, शिवाय पोटातल्या गर्भाचं लिंग बदलून देतो असा दावा करणंही गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. असा बाबा गावात आला, तर पोलीस ठाण्यात कळवा.

भुताच्या गोष्टी सांगायला, सिनेमे बघायला कुणाची हरकत नाही. शेकोटीला बसून आम्हीही ऐकल्यात. फक्त पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "तिथं बाई हाय," तर घाबरून माघारी फिरू नका. ती बाई कोण होती आणि तिला झालं काय, एवढं जरूर विचारा.