खाडीकाठच्या परसबागेतील हिवाळा : लाभ व हानी

भाताची कापणी आटोपली, की कोकणपट्टीत परसबागेचा खरा हंगाम सुरू होतो. ठाणे जिल्ह्यातील मिरा-भाईंदर भागात, वसईच्या खाडीच्या दक्षिणेसही हाच क्रम आहे. तेथील नया नगरसारख्या दाट वस्तीत अंगण क्वचितच आढळते; गच्ची व सज्जा हीच परसबाग होय. तथापि लाभ-हानीची कारणे खाडीकाठच्या खेड्यांतील परसबागेप्रमाणेच आहेत.

या दिवसांत ऊन सौम्य असते व पावसाळ्यातील कुजवा थांबतो. मेथी २५ ते ३० दिवसांत, पालक सुमारे महिन्याभरात, तर मुळा ४० ते ४५ दिवसांत काढणीस येतो. दर पंधरवड्यास थोडे थोडे बी पेरल्यास घरास फेब्रुवारीपर्यंत ताजी भाजी मिळते.

हानीचे पहिले कारण ऊन. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. त्यामुळे उत्तरेकडील सज्जात रोपे उंच, फिकट व दुबळी होतात. कुंड्या दक्षिणेकडे किंवा गच्चीवर हलवाव्यात.

दुसरे व मोठे कारण क्षार. पावसाचे पाणी मातीतील क्षार खाली धुऊन नेते. पाऊस संपल्यावर मचूळ पाणी दिल्यास पाण्याची वाफ होते व क्षार मागे राहतात. मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात. पुष्कळ जण हे पाण्याच्या तुटवड्याचे लक्षण समजून तेच पाणी अधिक देतात व उभे पीक गमावतात. अशा वेळी गोडे पाणी भरपूर देऊन ते कुंडीच्या तळाच्या छिद्रातून निथळू द्यावे व थाळीत साचलेले पाणी फेकून द्यावे. तांदूळ व भाजी धुतलेले, मीठ नसलेले पाणी उपयोगी पडते. वाफ्यावर भाताचा पेंढा पसरावा, म्हणजे बाष्पीभवन कमी होते. घेवडा, मुळा, कांदा व गाजर यांना क्षार सोसत नाहीत. पालक व बीट त्यामानाने तग धरतात.

तिसरे कारण मावा. ढगाळ हवेत वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर व फुलोऱ्यावर तो झपाट्याने वाढतो. प्रारंभीच कीडग्रस्त शेंडे खुडून नष्ट करावेत. निंबोळीच्या गराची ५० ग्रॅम भुकटी १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी व गाळून दुसऱ्या दिवशी सायंकाळी फवारावी. ढालकिडे मावा खातात. त्यांना मारू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खाडीकाठच्या विहिरींच्या पाण्याचे नमुने पेरणीपूर्वीच तपासून घेण्यास शेतकरी बंधूंना साहाय्य करावे. पाण्याचा गुण आधी कळला, तर पिकाची निवड चुकत नाही आणि बियाणे व श्रम वाया जात नाहीत.