आधी पत्रा, मग पिस्टन

मारुती व्हॅनचं इंजिन पुढच्या दोन सीटांखाली असतं. ते जास्त तापू लागलं, की मेकॅनिकच्या आधी मालकाच्या बुडाला खबर लागते. 1984 साली बाजारात आलेली आणि पुढे ‘ओम्नी’ म्हणून ओळखली गेलेली ही गाडी 2019 मध्ये बनायची बंद झाली. तरी भाजीवाले, केटरर आणि मंडपवाले अजून तिच्यावरच धंदा ओढतात. हिंदी सिनेमातल्या अपहरणकर्त्यांनी तिला कधीच रजा दिली असेल, यांना ते परवडत नाही. मग एक दिवस मागून निळा धूर निघतो, चढावर दम लागतो आणि गॅरेजवाला विचारतो, ‘‘काय करायचं शेठ, हेच इंजिन बांधू की दुसरं टाकू?’’

माझं स्पष्ट मत आहे, की या प्रश्नाचं उत्तर इंजिनात शोधू नये. आधी गाडीखाली वाकावं. ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा आधार. रबरी मॅट उचला. फ्लोअर, चाकांच्या कमानी आणि सरकत्या दाराची खालची पट्टी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक आत गेलं, की कितीही चांगलं इंजिन बसवलं तरी पैसे पाण्यात. कोकणात, खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो.

मग कागद. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत फिटनेस दाखवून नूतनीकरण. दिल्लीसारखी वयाची बंदी महाराष्ट्रात नाही. मात्र 1 एप्रिल 2022 रोजी चारचाकीच्या नूतनीकरणाची फी 600 रुपयांवरून 5,000 वर गेली होती, शिवाय आपल्याकडे जुन्या गाडीला पर्यावरण कर असतोच. नूतनीकरण चार महिन्यांवर आलं असेल, तर तो खर्चही इंजिनाच्या बिलाशेजारीच मांडावा.

पत्रा आणि कागद ठीक निघाले, तरच सीट उचलायची. धुराचा रंग पुष्कळ काही सांगतो. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपकारा येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. त्यासाठी अख्खं इंजिन उघडायला निघालेला मेकॅनिक बदलावा. रेस दिल्यावर निळा धूर येतच राहिला आणि ऑइल भरायचं झाकण काढल्यावर तिथूनही फुसफुसत असेल, तर रिंगा गेल्या. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं किंवा डिपस्टिकवर दुधाळ फेस दिसला, तर हेड गॅस्केट.

पण धुरावर विसंबून खिशात हात घालू नये, कॉम्प्रेशन तपासून घ्यावं. ओम्नीचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. तिन्ही प्लग काढायचे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा गेजवर वाचायचा. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा पडेल निघाला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर पडले असतील, तर त्यांच्यामधलं गॅस्केट उडालेलं असू शकतं. एलपीजीवर चाललेल्या व्हॅनमध्ये व्हॉल्व्हच्या सीटा लवकर बसतात, तिथे अनेकदा नुसत्या हेडच्या कामावर भागतं. चमचाभर ऑइलची ही तपासणी हजारो रुपये वाचवते, आणि ती करायचा कंटाळा करणारे मेकॅनिक काही कमी नाहीत.

रिंगाच गेल्या असतील, तर हेड उतरल्यावर सिलिंडरच्या वरच्या काठाशी आतून नख फिरवून बघा. जिथपर्यंत रिंग घासते तिथे पायरी झालेली असते आणि नख तिथे अडकतं. पायरी ठळक असेल, तर नुसत्या नव्या रिंगा टाकणं म्हणजे आजचं मरण उद्यावर. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68.5 मिलिमीटरचा. तो वाढवून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. आधीच 0.50 वर गेलेलं असेल, तर ब्लॉकमध्ये स्लीव्ह घालणं किंवा दुसरं इंजिन बघणं आलं. बोअरिंगवाल्याने होनिंग केल्यावर भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा दिसल्या पाहिजेत, ऑइल धरून ठेवतात त्या याच. भिंत आरशासारखी गुळगुळीत दिसली, तर ब्लॉक परत पाठवा. खालून ठोक येत असेल, तर क्रँकही मोजून घ्यावा लागतो. तो घासून कमी मापाचे बेअरिंग टाकायचे झाले, की बिलाचा दुसरा मजला चढतो.

आता सेकंडहँड इंजिन. मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात जुन्या बाजारात मिळतं. तासाभरात चालू करून दाखवतात, ऐकायला गोड वाटतं. पण ते गरम करून आणलेलं नाही ना, हे हात लावून पाहा, आणि कॉम्प्रेशन तिथेच तपासा. कार्ब्युरेटरच्या गाडीत एमपीएफआयचं, म्हणजे इंजेक्शनचं, इंजिन घ्यायच्या मोहात पडू नका. वायरिंग, ईसीयू, पेट्रोल पंप, सगळं बदलत जातं. शिवाय इंजिन नंबर आरसीवर असतो. इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. विक्रेत्याने पक्कं बिल दिलं नाही, तर ते इंजिन चोरीच्या गाडीचं नाही हे तुम्ही कशावरून सांगणार? म्हणून स्वतःचा ब्लॉक सुधारण्याजोगा असेल, तर मी दहातल्या आठ वेळा तोच बांधून घ्यायला सांगेन. निदान आत काय घातलंय, ते आपल्याला ठाऊक असतं.

इंजिनाचं बिल गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त होतंय म्हणून बरेच जण माघार घेतात. हा हिशोब मला पटत नाही. बिलाची तुलना जुन्या व्हॅनच्या किमतीशी नको, दुसऱ्या गाडीच्या हप्त्याशी करा. पत्रा धड असेल, तर बांधलेलं इंजिन काही वर्षांचे हप्ते टाळतं. फक्त पहिले हजार किलोमीटर ओझं बेताचं ठेवा, ऑइल लवकर बदला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा इंजिन खाली उतरलंच आहे तर पेट्रोलचे जुने रबरी पाइपही नवे टाकून घ्या.

आणि पत्र्यानेच नकार दिला, तर गाडी गल्लीतल्या भंगारवाल्याला रोखीत देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, ठेव प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. तोवर ती गाडी कागदोपत्री तुमच्याच नावावर असते.